स्टार्ट मेन्यू आपल्या कामाप्रमाणे कसा लावावा : ओपन-शेल वापरणाऱ्या नवोदितांसाठी

माझी मावशी अनुवादाचे काम करते. तिच्या संगणकावर स्टार्ट मेन्यू उघडला की साठ-सत्तर नावांची यादी समोर यायची, आणि त्यातली तिला रोज लागणारी नावे मोजून पाच होती. त्या पाचांपर्यंत पोहोचण्यासाठी ती दर वेळी यादी खाली सरकवत राहायची, मधेच भलत्याच नावावर क्लिक व्हायचे, आणि न मागता उघडलेली खिडकी बंद करेपर्यंत हातातले वाक्य निसटून जायचे. ओपन-शेल हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून मी तिचा मेन्यू नव्याने लावून दिला. तो लावताना काय केले, कुठे चुकले आणि कोणत्या क्रमाने केले असते तर सोपे गेले असते, ते या लेखात सविस्तर सांगितले आहे. हे सारे विंडोज वापरणाऱ्या आणि अशा कामाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्या वाचकांसाठी आहे. पडद्यावर दिसणारी इंग्रजी नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे वाचता वाचता ती पडद्यावर ओळखता येतील.

हे सॉफ्टवेअर कोठून आले

स्टार्ट मेन्यू पहिल्यांदा आला तो १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर. त्यानंतर सतरा वर्षे त्याचे रूप बदलत गेले, तरी डाव्या कोपऱ्यातले बटण आणि त्यातून वर उघडणारी यादी ही रचना कायम होती. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ मध्ये ते बटणही गेले आणि यादीही गेली. त्यांच्या जागी पडदाभर चौकोन आले. वर्षभराने विंडोज ८.१ मध्ये बटण परत आले, पण जुन्या धाटणीचा मेन्यू परतायला २०१५ सालचे विंडोज १० उजाडावे लागले. २०२१ साली विंडोज ११ आले, तेव्हा बटण टास्कबारच्या, म्हणजे पडद्याच्या तळाशी असणाऱ्या आडव्या पट्टीच्या, मध्यभागी सरकले आणि मेन्यूची मांडणी पुन्हा एकदा नवी झाली.

ज्यांना हाताला बसलेली जुनी रचना हवी होती, त्यांच्यासाठी इवो बेल्चेव्ह यांनी २००९ साली क्लासिक शेल नावाचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले होते. विंडोज ८ च्या काळात ते अतोनात वापरले गेले. २०१७ च्या अखेरीस त्यांनी काम थांबवत असल्याचे जाहीर केले, मात्र जाताना त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला करून ठेवला. तोच कोड पुढे नेण्यासाठी काही स्वयंसेवक एकत्र आले आणि २०१८ पासून तो प्रकल्प ओपन-शेल या नावाने चालू आहे. त्याला एमआयटी परवाना आहे. म्हणजे ते कोणीही वापरावे, त्याचा कोड वाचावा, बदलावा आणि इतरांना द्यावा, याला परवानगी आहे.

येथे मराठीत आपली एक सोय आहे. इंग्रजीतल्या ‘फ्री’ या एकाच शब्दात पैसे न पडणे आणि मोकळीक असणे हे दोन्ही अर्थ मिसळलेले असतात. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत. नुसते मोफत असलेले सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्याने सोडून दिले की संपते. मुक्त सॉफ्टवेअर दुसरा कोणी उचलून पुढे नेऊ शकतो, आणि या मेन्यूच्या बाबतीत नेमके तेच घडले. मेन्यूसारख्या रोज हाताखाली येणाऱ्या गोष्टीसाठी मी मुक्त सॉफ्टवेअरच निवडावे म्हणतो, ते याच कारणासाठी.

संगणकाला हात लावण्याआधी

पहिली पायरी कागदावरची आहे. आठवडाभर आपण कोणकोणते प्रोग्राम आणि कोणकोणते फोल्डर उघडतो, त्याची नोंद करावी. प्रत्येक वेळी उघडताना नावापुढे एक रेघ मारली तरी पुरे. हे करायला कंटाळा येतो हे मला मान्य आहे, पण ही नोंद टाळली तर मेन्यू आपल्या कल्पनेप्रमाणे लागतो, कामाप्रमाणे लागत नाही. मावशीला मी विचारले तेव्हा तिने बारा प्रोग्रामांची नावे सांगितली होती. तिच्या वहीत आठवड्याअखेर रेघा पडल्या त्या फक्त पाचांसमोर. चित्रे पाहण्याचा जो प्रोग्राम तिला ‘रोज लागतो’ असे वाटत होते, तो एकदाही उघडलेला नव्हता, आणि शब्दार्थांच्या फाइलींचे जे फोल्डर तिच्या तोंडी आलेच नव्हते, त्यापुढे सर्वांत जास्त रेघा होत्या.

या नोंदीतून दोन याद्या कराव्यात : रोज लागणाऱ्या गोष्टींची एक, आणि महिन्यातून एखाद्या वेळी लागणाऱ्यांची दुसरी. पहिली यादी सात-आठ नावांच्या वर जात असेल तर ती पुन्हा तपासावी.

सॉफ्टवेअर उतरवून घेणे

ओपन-शेल हे गिटहब या सॉफ्टवेअरचे प्रकल्प ठेवण्याच्या संकेतस्थळावरील ‘ओपन-शेल-मेन्यू’ या प्रकल्पाच्या पानावरूनच उतरवावे. त्या पानावर ‘रिलीझेस’ असा विभाग असतो. तो उघडला की सर्वांत वर नवी आवृत्ती दिसते आणि तिच्याखाली ‘ॲसेट्स’ या शीर्षकाखाली काही फाइली असतात. त्यांपैकी ‘ओपनशेलसेटअप’ या शब्दाने सुरू होणारी आणि ‘ईएक्सई’ने संपणारी फाइल आपल्याला हवी आहे. ‘सोर्स कोड’ असे लिहिलेल्या फाइली प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी असतात, त्या घेऊ नयेत.

मूळ ठिकाणाचा आग्रह उगीच धरलेला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये एका डाउनलोड-संकेतस्थळावर घुसखोरांनी प्रवेश मिळवून क्लासिक शेलच्या फाइलीच्या जागी दुसरीच फाइल ठेवली होती. ती ज्यांनी चालवली, त्यांच्या संगणकाच्या डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला गेला आणि विंडोज सुरू होईनासे झाले. शोधयंत्रात नाव टाकल्यावर वर येणाऱ्या कोणत्याही पानावरून फाइल घेणे म्हणूनच टाळावे.

फाइल उघडल्यावर विंडोज कधी कधी ‘हा प्रोग्राम ओळखीचा नाही’ अशा अर्थाची निळी खिडकी दाखवते. फाइल मूळ पानावरूनच घेतली आहे याची खात्री असेल तर ‘मोअर इन्फो’वर क्लिक करून पुढे जाता येते, ती खात्री नसेल तर तेथेच थांबून फाइल नव्याने उतरवावी. पुढे जाण्यासाठी संगणकाच्या प्रशासकाचा पासवर्ड लागू शकतो. संगणक कार्यालयाचा असेल तर तो सांभाळणाऱ्या व्यक्तीची परवानगी आधी घ्यावी.

स्थापना करताना चार घटकांची यादी समोर येते. क्लासिक एक्सप्लोरर हा फाइली पाहण्याच्या खिडकीत आणखी एक पट्टी जोडतो, क्लासिक आयई हा इंटरनेट एक्सप्लोररसाठी आहे, ओपन-शेल मेन्यू हा आपला मुख्य घटक, आणि ओपन-शेल अपडेट हा नवी आवृत्ती आली की कळवतो. इंटरनेट एक्सप्लोररचा कारभार जून २०२२ मध्येच आटोपला असल्यामुळे क्लासिक आयईची आता गरज उरलेली नाही, आणि क्लासिक एक्सप्लोररचा आपल्या आजच्या कामाशी संबंध नाही. या दोघांच्या नावापुढील लहान चित्रावर क्लिक करून, जो पर्याय निवडल्यावर तेथे लाल फुली येते तो निवडावा. मेन्यू आणि अपडेट हे दोन घटक तेवढे ठेवावेत.

विंडोज ११ असेल तर आणखी एक गोष्ट आधी करून घ्यावी. टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये जावे आणि ‘टास्कबार बिहेवियर्स’खाली ‘टास्कबार अलाइनमेंट’ हा पर्याय ‘लेफ्ट’ असा करावा. बटण डाव्या कोपऱ्यात आले की ओपन-शेलचा मेन्यू त्याच्या नेमका वर उघडतो. मध्यभागी ठेवले तर बटण एकीकडे आणि मेन्यू दुसरीकडे, असे होऊन हात गोंधळतो.

पहिली खिडकी आणि पहिली प्रत

स्थापना झाल्यावर स्टार्ट बटणावर क्लिक केले की सेटिंग्जची खिडकी आपोआप समोर येते. नंतर ती केव्हाही हवी असल्यास स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘सेटिंग्ज’ निवडावे.

या खिडकीत काहीही बदलण्याआधी खालच्या बाजूचे ‘बॅकअप’ हे बटण पाहून ठेवावे. त्यातील ‘सेव्ह टू एक्सएमएल फाइल’ने आपली सर्व सेटिंग्ज एका लहानशा फाइलीत साठवता येतात, ‘लोड फ्रॉम एक्सएमएल फाइल’ने ती परत आणता येतात, आणि ‘रिसेट ऑल सेटिंग्ज’ने सारे मूळपदावर येते. आत्ताच एक प्रत साठवून तिच्या नावात तारीख लिहावी. पुढे दर मोठ्या बदलानंतर अशीच नवी प्रत घ्यावी, जुनीवर लिहू नये. दोन मिनिटांचे हे काम हाताशी असले की पुढचे प्रयोग निर्धास्तपणे करता येतात.

दुसरा दिलासा असा की, ओपन-शेल विंडोजचा मूळ मेन्यू पुसत नाही, त्याच्या पुढे उभे राहते. शिफ्ट ही कळ दाबून स्टार्ट बटणावर क्लिक केले की विंडोजचा स्वतःचा मेन्यू पूर्वीसारखाच उघडतो. ही गोष्ट नवोदिताने पहिल्याच दिवशी करून पाहावी, कारण परतीची वाट डोळ्यांनी पाहिली की मनातली धाकधूक जाते.

धाटणी निवडणे

सेटिंग्जच्या खिडकीत वेगवेगळी पाने असतात, त्यांना टॅब म्हणतात. त्यांतल्या ‘स्टार्ट मेन्यू स्टाइल’ या टॅबमध्ये तीन पर्याय आहेत. ‘क्लासिक स्टाइल’ म्हणजे एकाच स्तंभातून उजवीकडे फांद्या फुटत जाणारा जुना मेन्यू. ‘क्लासिक विथ टू कॉलम्स’ म्हणजे तोच, पण दोन स्तंभांत. आणि ‘विंडोज ७ स्टाइल’ म्हणजे डावीकडे प्रोग्राम, उजवीकडे डॉक्युमेंट्स, कंट्रोल पॅनल वगैरे ठिकाणे, आणि खाली शोधपेटी. नवोदितांनी तिसरा पर्याय घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या धाटणीत सर्वांत जास्त मोकळीक मिळते, पण फांदीतून फांदीकडे जाताना माउस जरा हलला की उघडलेली फांदी मिटते, आणि ज्यांचा माउसवर हात बसलेला नाही त्यांना याचा फार त्रास होतो. पुढचे वर्णन विंडोज ७ धाटणी गृहीत धरून केले आहे.

याच टॅबमध्ये ‘रिप्लेस स्टार्ट बटन’ अशी खूण आहे. ती केल्यास टास्कबारवरचे चित्रही बदलते. कामाच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही.

‘स्किन’ या टॅबमध्ये मेन्यूचे रंगरूप ठरते. मेट्रो, मिडनाइट, मेटॅलिक, विंडोज एरो अशी अनेक रूपे दिलेली आहेत. रंगापेक्षा येथे अक्षरांच्या आकाराकडे लक्ष द्यावे : बऱ्याच स्किनच्या पर्यायांत मोठ्या अक्षरांची आणि आयकॉनच्या आकाराची निवड असते. देवनागरीत काने, मात्रा, उकार आणि जोडाक्षरे असल्यामुळे लहान अक्षरांत ‘पत्रे’ आणि ‘पात्रे’ यांतला फरक चटकन दिसत नाही, म्हणून मराठी नावे देणार असाल तर मोठी अक्षरे आणि ठळक विरोध असलेला रंग घ्यावा.

आधी काढावे, मग जोडावे

आता मुख्य काम. माझी सर्वांत मोठी चूक येथेच झाली. मी उत्साहाने आधी जोडत गेलो : मावशीच्या बाराही प्रोग्रामांचे शॉर्टकट (प्रोग्राम उघडून देणारे दुवे), तिची फोल्डरे, तिचे आवडते दुवे. मेन्यू पूर्वीइतकाच भरला आणि ती म्हणाली, “आधी निदान कुठे काय आहे ते पाठ तरी होते.” मग मी सगळे मूळपदावर आणले आणि उलट क्रमाने सुरुवात केली. मेन्यू वापरायला सोपा होतो तो त्यातून वगळलेल्या गोष्टींमुळे, हे मला तेव्हा समजले.

‘कस्टमाइझ स्टार्ट मेन्यू’ हा टॅब उघडावा. येथे उजव्या स्तंभात दिसणाऱ्या ठिकाणांची यादी असते : कॉम्प्युटर, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, गेम्स, कंट्रोल पॅनल, प्रिंटर, हेल्प, रन इत्यादी. प्रत्येकापुढे तीन पर्याय असतात : ती गोष्ट दाखवू नये, नुसता दुवा म्हणून दाखवावी, किंवा बाजूला उघडणारा उपमेन्यू म्हणून दाखवावी. आपली आठवड्याची नोंद समोर ठेवून, जी ठिकाणे तिच्यात नाहीत त्यांना ‘डोन्ट डिस्प्ले धिस आयटम’ द्यावे. असे केल्याने संगणकावरून काहीही पुसले जात नाही. ती ओळ फक्त मेन्यूत दिसेनाशी होते. कंट्रोल पॅनलला मात्र ‘मेन्यू’ न देता ‘लिंक’ द्यावे, कारण उपमेन्यू उघडला की त्यातील ओळींची लांबच लांब रांग अंगावर येते. डॉक्युमेंट्ससाठी उलट सल्ला देईन : फोल्डर नीट लावलेले असेल तर ‘मेन्यू’ द्यावे, म्हणजे खिडकी न उघडताच हव्या त्या फाइलीपर्यंत जाता येते.

त्यानंतर डावीकडची बाजू. तेथे वरच्या भागात आपण मुद्दाम लावलेले प्रोग्राम असतात आणि खालच्या भागात अलीकडे किंवा वारंवार वापरलेले प्रोग्राम आपोआप येतात. ही आपोआप येणारी यादी काहींना उपयोगी वाटते. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी ती बंद करावी, कारण तिच्यातला क्रम रोज बदलतो आणि काल तिसऱ्या ओळीवर असलेला प्रोग्राम आज पाचव्या ओळीवर सापडतो; हाताला जागेची सवय लागायची तर जागा स्थिर हवी. खिडकीच्या वरच्या भागातील ‘शो ऑल सेटिंग्ज’ या चौकटीत खूण करावी, ‘मेन मेन्यू’ या टॅबमध्ये जावे आणि अलीकडच्या प्रोग्रामांच्या यादीसाठी ‘न दाखवणे’ हा पर्याय निवडावा.

‘शो ऑल सेटिंग्ज’वर खूण केली की टॅबांची संख्या एकदम वाढते आणि पहिल्यांदा पाहणारा बिचकतो. सगळे वाचत बसू नये. वर शोधण्याची एक पेटी आहे, तिच्यात हवा तो शब्द टाइप करावा. आणि एखाद्या ओळीचा अर्थ कळत नसेल तर तिच्यावर माउस क्षणभर स्थिर ठेवावा, म्हणजे स्पष्टीकरण दिसते. ज्या ओळी आपण बदलल्या आहेत त्या ठळक अक्षरांत दिसतात. ही खूण फार उपयोगी आहे, कारण दोन महिन्यांनी ‘मी नक्की काय बदलले होते’ हा प्रश्न पडला तर उत्तर डोळ्यांसमोर असते.

आपल्या गोष्टी लावणे

आता पहिल्या यादीतले प्रोग्राम वर आणायचे आहेत. मेन्यू उघडून ‘ऑल प्रोग्राम्स’मध्ये हवा तो प्रोग्राम शोधावा, त्याच्यावर राइट क्लिक करावे आणि ‘पिन टू स्टार्ट मेन्यू’च्या ज्या ओळीत ओपन-शेलचे नाव आहे ती निवडावी. विंडोजची स्वतःची ‘पिन टू स्टार्ट’ ही वेगळी ओळ तेथे दिसू शकते. ती निवडल्यास प्रोग्राम विंडोजच्या मूळ मेन्यूत जातो आणि आपल्याला वाटते की काहीच झाले नाही. पिन केलेल्या गोष्टी माउसने धरून वर-खाली सरकवता येतात. सर्वांत जास्त रेघा असलेली गोष्ट सर्वांत वर, मग उतरत्या क्रमाने बाकीच्या. अकारविल्हे क्रम येथे निरुपयोगी आहे.

पिन केलेल्या ओळीवर राइट क्लिक करून ‘रिनेम’ निवडले की तिचे नाव बदलता येते, आणि ते देवनागरीत देता येते. मावशीच्या मेन्यूत आता वरून खाली अशी नावे आहेत : ‘लेखन’, ‘शब्दार्थ’, ‘पत्रे’, ‘इंटरनेट’, ‘छपाई’. ‘लेखन’ म्हणजे तिचा शब्दलेखनाचा प्रोग्राम. त्याचे खरे नाव तिला माहीत आहे, पण मेन्यूत ती शोधते ते काम, प्रोग्राम नव्हे. नाव देताना एक पथ्य पाळावे : पिन केलेल्या शॉर्टकटचे नाव बदलावे, ‘ऑल प्रोग्राम्स’मधल्या मूळ शॉर्टकटचे तसेच राहू द्यावे. पिन करताना शॉर्टकटची वेगळी प्रत तयार होत असल्यामुळे हे दोन्ही एकाच वेळी नांदू शकतात, आणि पुढे कोणी मदतीला बसले तर त्याला प्रोग्राम मूळ नावानेही सापडतो.

‘शब्दार्थ’ ही ओळ जरा निराळी आहे, कारण तो प्रोग्राम नसून फोल्डर आहे. मावशीच्या प्रत्येक पुस्तकासाठी शब्दांची एकेक फाइल असते आणि काम करताना ती दिवसातून कितीदा तरी उघडावी लागते. तिला हवे होते ते असे की, माउस ओळीवर नेला की बाजूला साऱ्या फाइलींची नावे उलगडावीत. उजव्या स्तंभात अशी ओळ करायची असेल तर ‘कस्टमाइझ स्टार्ट मेन्यू’मध्ये, ‘शो ऑल सेटिंग्ज’वर खूण असताना, दोन स्तंभ दिसतात ते पाहावेत. डावीकडे आपल्या मेन्यूतील ओळी असतात आणि उजवीकडे जोडण्याजोग्या गोष्टींचा साठा. साठ्यातून एखादी गोष्ट धरून डावीकडे हव्या त्या जागी सोडली की ती मेन्यूत येते. साठ्यातील ‘कस्टम’ ही गोष्ट आणावी आणि तिच्यावर दोनदा क्लिक करावे. तिचा तपशील भरण्याची खिडकी उघडते. तेथे ‘लिंक’ या जागी आपले फोल्डर निवडावे, नावाच्या जागी हवे ते नाव लिहावे, आणि आवडल्यास आयकॉन बदलावा. ‘कमांड’ आणि ‘लिंक’ यांतला फरक लक्षात असू द्यावा : ‘कमांड’ मध्ये दिलेली गोष्ट क्लिक केल्यावर चालवली जाते, तर ‘लिंक’ मध्ये दिलेल्या फोल्डरमधील फाइली उपमेन्यू म्हणून उलगडता येतात. मी पहिल्यांदा फोल्डरचा मार्ग ‘कमांड’ मध्ये लिहिला होता. ओळीवर क्लिक केल्यावर फोल्डरची खिडकी उघडत होती, पण बाजूला काही उलगडत नव्हते, आणि हे का होते ते कळायला संध्याकाळ गेली.

साठ्यातच ‘सेपरेटर’ नावाची आडवी रेघ आहे. एक-दोन रेघा टाकून ओळींचे गट पाडले की डोळा चटकन ठरतो.

महिन्यातून एखाद्या वेळी लागणाऱ्या दुसऱ्या यादीचे काय करावे? काहीच करू नये. त्यासाठी शोधपेटी आहे. मेन्यू उघडावा आणि सरळ प्रोग्रामच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरे टाइप करावीत. आधी पेटीवर क्लिक करण्याचीही गरज नसते. ‘सर्च बॉक्स’ या टॅबमध्ये इंटरनेटवर शोधण्याचा पर्याय आहे, तो बंद ठेवल्यास शोध आपल्या संगणकापुरता आणि नीटनेटका राहतो.

लावलेले टिकवणे

मावशीचा मेन्यू लावून दिल्यावर आठवड्याने तिचा फोन आला की ‘पत्रे’ ही ओळ नाहीशी झाली. पाहिले तर ती ‘छपाई’च्या खाली जाऊन बसली होती. क्लिक करताना तिचा हात किंचित थरथरतो. बटण दाबलेले असतानाच माउस सरकतो, आणि संगणकाला वाटते की ओळ ओढून दुसरीकडे ठेवायची आहे. यावर उपाय सोपा आहे. मेन्यू पूर्ण लावून झाला की सेटिंग्जमधील शोधपेटीत ‘ड्रॅग’ हा शब्द टाइप करावा आणि ‘एनेबल ड्रॅग अँड ड्रॉप’ या ओळीवरची खूण काढून टाकावी. त्यानंतर ओळी आपापल्या जागी राहतात. पुढे कधी बदल करायचा असेल तर तेवढ्यापुरती खूण परत करावी. दुसऱ्या कोणासाठी मेन्यू लावून देत असाल, विशेषतः वयस्क व्यक्तीसाठी, तर ही एक गोष्ट विसरू नये.

त्याच विचाराने आणखी दोन बदल करून पाहण्यासारखे आहेत. विंडोज ७ धाटणीत खाली उजवीकडे संगणक बंद करण्याचे बटण असते आणि एका क्लिकने सारे बंद होऊ लागते. ‘शटडाउन कमांड’ या ओळीत त्या बटणाचे मुख्य काम बदलता येते. तेथे ‘स्लीप’ किंवा ‘लॉक’ ठेवले तर चुकून क्लिक झाले तरी उघडे काम तसेच राहते, आणि खरोखर बंद करायचे असेल तेव्हा शेजारच्या बाणातून ते निवडता येते. दुसरा बदल उपमेन्यू उलगडण्याआधीच्या विलंबाचा. विंडोजमध्ये हा विलंब मुळात ४०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी असतो. शोधपेटीत ‘डिले’ टाइप केले की त्याची ओळ सापडते. सरावलेल्या हाताला तो कमी केलेला आवडतो, तर सावकाश माउस चालवणाऱ्याला तो वाढवून दिला की नको असलेल्या फांद्या मधेच उघडत नाहीत.

ही सारी सेटिंग्ज ज्या नावाने आपण विंडोजमध्ये प्रवेश केला आहे त्या नावापुरती असतात. एकाच संगणकावर घरातील दोघे वेगवेगळ्या नावांनी काम करत असतील तर प्रत्येकाचा मेन्यू स्वतंत्र राहतो. दुसऱ्याला तशीच सेटिंग्ज हवी असतील तर साठवलेली एक्सएमएल फाइल त्याच्या नावाने प्रवेश करून ‘लोड’ करावी. मात्र पिन केलेले शॉर्टकट या फाइलीत येत नाहीत, ते नव्याने लावावे लागतात. नवा संगणक घेतला तरी हेच लक्षात ठेवावे.

अडले तर

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर स्टार्ट बटण दाबल्यावर मूळ मेन्यू उघडू लागला, तर घाबरू नये. आधी संगणक एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा. तरीही फरक पडला नाही तर मूळ पानावरून ओपन-शेलची नवी आवृत्ती घेऊन जुनीवरच स्थापन करावी. सेटिंग्ज वेगळी साठवलेली असल्यामुळे आपला मेन्यू सहसा जसाच्या तसा परत येतो, आणि नाही आला तर तारीख लिहून ठेवलेली प्रत आहेच.

एखादी ओळ बदलल्यावर भलतेच काही दिसू लागले तर सगळे पुसून नव्याने सुरुवात करण्याची गरज नसते. सेटिंग्जमध्ये त्या ठळक ओळीवर राइट क्लिक करावे. तेवढीच एक ओळ मूळ स्थितीला नेता येते. एका वेळी एकच बदल करावा, मेन्यू उघडून पाहावा, आणि मगच पुढच्या बदलाकडे वळावे. पाच बदल एकदम करून ‘ओके’ दाबले की बिघाड कोणत्या बदलाने झाला ते शोधायला पाचपट वेळ लागतो.

आणि हे सॉफ्टवेअर नकोच वाटले तर? स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘एक्झिट’ निवडले की ते तेवढ्या वेळेपुरते थांबते आणि विंडोजचा मेन्यू लगेच कामाला लागतो. एक-दोन दिवस असे वापरून पाहावे. कायमचे काढायचे ठरले तर विंडोजच्या सेटिंग्जमधील प्रोग्रामांच्या यादीत ओपन-शेल शोधून ‘अनइन्स्टॉल’ करावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. काढण्याआधी एक्सएमएल फाइलीची शेवटची प्रत मात्र घेऊन ठेवावी. सहा महिन्यांनी विचार बदलला तर सेटिंग्ज जागेवर आणायला ती पाच मिनिटांत पुरते.